तसबिरीची खाच

येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीत काच, चित्र आणि मागचा पुठ्ठा चौकटीच्या पाठीमागील पायरीसारख्या खाचेत बसतात. ती खाच पूर्वी सुतार रंध्याने काढीत. आज राउटरला खाचेचे पाते लावून काढता येते. आमच्या घरची चौकट आजोबांच्या काळातील सागवानाची. खाच झिजलेली, आणि बिघडल्यास तसे लाकूड पुन्हा मिळणे नाही. त्यामुळे पाते आम्ही पारखूनच घेतले.

काटकसर नावावर खुशाल करावी; कार्बाइडच्या धारेवर आणि टोकाच्या बेअरिंगवर करू नये. बेअरिंग लाकडाच्या कडेला टेकून फिरते व खाचेची रुंदी ठरविते. पात्याचा व्यास ३२ मिलिमीटर आणि बेअरिंगचा १२ असेल, तर फरकाच्या निम्मी, म्हणजे १० मिलिमीटर रुंदी मिळते; १६ चे बेअरिंग चढविले की ८. चार पात्यांपेक्षा बेअरिंगच्या संचासह एकच पाते घेणे म्हणूनच परवडते. दांडा मात्र आपल्या यंत्राच्या पकडीत बसणारा हवा.

जुन्या चौकटीतील खिळे आधी उपटावेत. एक जरी राहिला तर धार गेलीच! पाते चढविताना वीज तोडावी. चौकट अरुंद असल्यास यंत्र कलंडते, तेव्हा शेजारी तेवढ्याच जाडीची फळी टेकवावी. खोली दोन-तीन फेऱ्यांत गाठावी, नाहीतर सागवान जळते. चौकटीच्या आतील कडेने यंत्र घड्याळाच्या काट्यांप्रमाणे न्यावे. कोपरे तरीही गोलच राहतात. ते पटाशीने काटकोनात कोरावेत आणि काचेचे माप त्यानंतरच घ्यावे.