बडतर्फी वेगळी, पेन्शन वेगळी

समूहावर मागच्या आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, 'नोकरीतून काढून टाकलेल्या माणसाला सरकारने पेन्शन का द्यावी?' खाली भराभर उत्तरं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच, देऊ नये. मी बँकेत आयुष्य घालवलं, त्यात बरीच वर्षं पेन्शनच्या कागदांत गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९९८ च्या ३० डिसेंबरला नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांना सरकारने पदावरून दूर केलं, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. उपप्रमुखाच्या नेमणुकीबाबतचा सरकारचा हुकूम त्यांनी मानला नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. कोर्ट मार्शल वगैरे काही झालं नाही. 'राष्ट्रपतींची मर्जी' काढून घेतली, एवढंच. आपल्या देशात सेनादलाच्या प्रमुखाला असं घरी बसवण्याची ती पहिली वेळ. सिल्वासात आपल्या लोकांत त्याची चर्चा जोरात होती. आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर तर रोज रात्री दोन तट पडायचे.

त्या चर्चेत एक गृहस्थ कधीच बोलायचे नाहीत. आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे, मसाटच्या एका यार्न कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर होते. त्या काळात इकडे कारखाने भराभर वाढत होते आणि गेटवर निवृत्त फौजी माणूस असला की मालकांना बरं वाटायचं. सगळे त्यांना 'कमांडरसाहेब' म्हणत. त्यांनी नौदलात बावीस वर्षं काढली होती, शेवटी लेफ्टनंट कमांडर होते. भांडाराच्या हिशेबात गडबड झाली, कोर्ट मार्शल झालं आणि बडतर्फ झाले. (ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत.)

एके दिवशी त्यांच्या पत्नी बँकेत आल्या. पासबुक भरून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारू? ह्यांची पेन्शन कायमची गेली का हो? हे म्हणतात, विषय काढायचा नाही. मुलीचं लग्न व्हायचंय, ह्यांना शुगर आहे. उद्या गेटवरची नोकरी सुटली तर काय?"

मी म्हटलं, "वहिनी, बडतर्फीचा कागद घरी असेल तर मला दाखवा. कागद बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

कागद आला. त्यात बडतर्फीची शिक्षा होती, पेन्शनबद्दल मात्र एक अक्षरही नव्हतं.

इथे थोडं नियमाचं सांगतो, कंटाळू नका. १९५७ च्या नौदल कायद्यात काढून टाकण्याच्या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. एक नुसती बडतर्फी. दुसरी बेअब्रूसह बडतर्फी; ती जास्त जड, तिच्यात पेन्शन, ग्रॅच्युइटी, पदकं सगळंच जातं. नुसत्या बडतर्फीत मात्र तसं आपोआप होत नाही. ज्या अधिकाऱ्याची पेन्शनपुरती नोकरी झालेली आहे (अधिकाऱ्यांना साधारण वीस वर्षं लागतात), त्याची पेन्शन जप्त करायची की पूर्ण किंवा कमी करून द्यायची, हे सरकार ठरवतं. म्हणजे निर्णय दोन आहेत. माणूस नोकरीत राहायला लायक आहे का, हा पहिला. त्याने आधी केलेल्या बावीस वर्षांचं काय करायचं, हा दुसरा. पहिला झाला की दुसरा झालाच, असं आपण धरून चालतो.

आमच्या बँकांतही असंच आहे. १९९५ च्या पेन्शन नियमांप्रमाणे बडतर्फ माणसाची मागची नोकरी हिशेबातून जाते. पण प्रकरण विचार करण्यासारखं असेल तर पेन्शनच्या दोन तृतीयांशापर्यंत अनुकंपा भत्ता देता येतो. केंद्र सरकारच्या मुलकी नोकरांनाही तशीच सोय आहे. प्रॉव्हिडंट फंडातले स्वतःचे पैसे तर आपलेच असतात.

कमांडरसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते रागावले. म्हणाले, "मी हात पसरणार नाही." मी म्हटलं, "साहेब, हात पसरायला कोण सांगतंय? एक निर्णय राहून गेलाय, तो करा म्हणायचंय. तुम्ही चुकलात त्याची शिक्षा तुम्ही भोगली. वहिनींना कुठल्या कोर्टाने शिक्षा दिली होती?" त्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "टाइपरायटर आहे का तुमच्याकडे?"

अर्ज दोन पानी झाला. गुन्हा नाकारला नाही, रडगाणं गायलं नाही. नोकरीची वर्षं, कुठल्या जहाजांवर काम केलं, आधीचे शेरे, घरची परिस्थिती, एवढंच. नौदल मुख्यालयामार्फत पाठवला. दोन स्मरणपत्रं गेली. दीड वर्षाने उत्तर आलं. पेन्शनचा काही भाग मंजूर, अर्ज केल्याच्या तारखेपासून. रक्कम फार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी वहिनींनी आमच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

कट्ट्यावर कळल्यावर एक मित्र माझ्यावरच उखडले. "सरकारी मालाची अफरातफर करायची आणि वर पेन्शन? मग प्रामाणिक माणसाने काय करायचं?" त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. शिक्षा झालीच पाहिजे, नुकसान वसूल झालंच पाहिजे, आणि गुन्हा तसाच असेल तर पेन्शनही जावी. देशाची गुपितं विकणाऱ्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नाकरा खटल्यात सांगितलंय की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, ती केलेल्या नोकरीतून मिळवलेली असते. मिळवलेली गोष्ट काढून घ्यायची तर कुणीतरी विचार करून, कारण देऊन काढावी. फाईल पडून राहिली म्हणून जाऊ नये.

आणि गैरवर्तन कशाला म्हणायचं, तेही काळ बदलला की बदलतं. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार'वर नौसैनिकांनी बंड केलं. त्यातल्या शेकडोंना नोकरीवरून काढलं, स्वातंत्र्यानंतरही परत घेतलं नाही. पुढे त्याच बंडाला स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनसाठी मान्यता मिळाली. आमच्या साहेबांचं प्रकरण त्या जातीचं नव्हतं, हे मी जाणतो. मुद्दा एवढाच, की बडतर्फीचा शिक्का म्हणजे माणसाचा सगळा हिशेब नव्हे.

कमांडरसाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनींना आता कुटुंब पेन्शन मिळते. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी त्यांचा फोन येतो.

तुमच्या नात्यात, ओळखीत असं कुणी असेल तर तीन गोष्टी करा. बडतर्फीचा मूळ हुकूम शोधा आणि त्यात पेन्शनबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तर लेखी अर्ज करा, पोच जपून ठेवा. नकार आला तर आता सेनादलांसाठी वेगळं न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. माणूस लाजेपोटी अर्ज करत नसेल तर घरच्यांनी त्याला बसवून करायला लावा. तो हयात असतानाच हे झालेलं बरं, कारण त्याला पेन्शनच नसेल तर त्याच्यामागे बायकोला कुठून मिळणार?