परमुलखातले संसार

मिशनरी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाती ग्रंथ घेतलेला एकटा पुरुष उभा राहतो. त्याच्यामागे एक संसार असतो आणि तोही सातासमुद्रांपलीकडून उचलून आणलेला असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात शिक्षक म्हणून राहू लागल्यापासून मला मात्र त्या पुरुषापेक्षा त्याच्या संसाराविषयीच अधिक कुतूहल वाटत आले आहे. त्याचे कारण पुढे येईलच. आधी अशा एका जुन्या घराकडे पाहू.

१८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट स्कॉटलंडहून मुंबईस पोहोचले. आल्या आल्या काम न मांडता हे दांपत्य मराठी शिकण्यासाठी हर्णैला जाऊन राहिले आणि नोव्हेंबरात मुंबईला परतले. शिकवायला आलेल्यांनी आधी शिकायला बसावे, यातच परमुलखात रुजण्याचे मर्म आहे. पुढे मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींसाठी शाळा काढल्या, मुलांना जन्म दिला, परकी हवा सोसली आणि १८३५ मध्ये त्यांचे मुंबईतच निधन झाले. त्यांच्या कार्याविषयी मतभेद असू शकतील. परंतु त्यांच्या वाट्याला आलेले कष्ट कोणी नाकारणार नाही. विल्सन यांनी पत्नीचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले, म्हणून तो संसार आज आपल्याला ठाऊक आहे.

हा नियम केवळ परदेशी माणसांना लागू पडतो, असे नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी प्रथम बोर्डी आणि १९५७ पासून कोसबाड ही कर्मभूमी मानली. आदिवासी मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसताच त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हा शब्द उच्चारून पाहा. जुळवून कोणी घ्यायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात सामावलेले आहे. कोसबाडचे हे सारे अनुभवही अनुताईंच्या लेखनातून आपल्यापर्यंत आले.

आता जव्हार-मोखाड्याकडे वळू. येथे भात, नागली आणि वरई यांवर वर्षाचे पोट भरत नाही. पिके घरात आली, दिवाळी सरली, की पाड्यांवरची घरे एकामागून एक बंद होऊ लागतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लेकरे घेऊन माणसे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. तेथे 'भोंगा' म्हणून ओळखली जाणारी ठेंगणी झोपडी उभी राहते आणि तिच्यात नवा संसार सुरू होतो. शिमग्याला माणसे जमेल तशी गावी येतात, बोहाड्याची सोंगे पाहण्याची ओढही असते. पण कायमचे परतणे होते ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे वर्षातून दोनदा मुलूख बदलायचा, दोनदा चूल मांडायची, दोनदा जुळवून घ्यायचे.

तुम्हांला वाटेल, जाणे कठीण आणि परतणे सोपे. माझा अनुभव निराळा आहे. भट्टीवरून आलेले मूल वर्गात बसते तेव्हा धडे कितीतरी पुढे गेलेले असतात. एकदा अशाच एका मुलीला मी 'माझे गाव' या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या. तिने विचारले, "कोणतं गाव, गुरुजी? पावसातलं का भट्टीवरचं?" तिच्या स्वरात तक्रार नव्हती, तिला खरोखरच माहिती हवी होती. आमच्या पाठ्यपुस्तकातील गाव मात्र एकच होते, आणि त्यात माणसे बाराही महिने राहत होती.

कुरणात गेलेल्या शाळेप्रमाणे भट्ट्यांवरही 'भोंगाशाळा' भरवल्या गेल्या. शाळेने मुलाच्या मागे जावे, ही समज याच भूमीत दोनदा उगवली, याचे मला अप्रूप वाटते. तरीही एक उणीव उरतेच. विल्सन दांपत्याच्या घराची हकीकत छापली गेली. कोसबाडच्या टेकडीची हकीकत लिहिली गेली. भोंग्यातल्या संसाराची हकीकत मात्र ज्यांनी तो केला त्यांच्या शब्दांत क्वचितच कागदावर आली आहे. ध्येय उराशी बाळगून परमुलखात गेलेल्यांच्या कष्टांना आपण त्याग म्हणतो. पोटासाठी गेलेल्यांच्या कष्टांना 'स्थलांतर' असा कोरडा शासकीय शब्द वापरतो. परक्या जागी पहिल्या रात्री चूल पेटवणाऱ्या बाईच्या मनात काय चालत असेल, हे मात्र दोन्हीकडे फारसे वेगळे नसावे.

तुम्ही मराठी साहित्याचे विद्यार्थी आहात. तुमच्यापैकी काहींच्या आईवडिलांनी, कदाचित तुम्ही स्वतःही, असे दोन मुलूख पाहिले असतील. वीट थापणाऱ्या हातांचे, उचलीच्या हिशेबाचे आणि परतल्यावर दार उघडताना येणाऱ्या बंद घराच्या वासाचे शब्द तुमच्या बोलीत आहेत. मजसारख्या बाहेरून आलेल्याला ते तुमच्याकडूनच शिकावे लागतात. ते शब्द जसे घरात बोलले जातात तसेच लिहून ठेवा. प्रमाण मराठीला तुमच्या बोलीशी जुळवून घ्यावे लागले, तर तेवढे तिने आता घ्यावे.