गणपतीची पाठ

वाईला येणारा माणूस ढोल्या गणपतीचं पोट पाहतो. पाहणारच. एकाच दगडातून घडवलेली, ऐसपैस बसलेली अवाढव्य मूर्ती समोर असताना नजर दुसरीकडे जाईल कशी? मला मात्र ओढ असते ती देवळाच्या मागच्या भिंतीची. दर्शन झालं की घाटावरून वळसा घालून मी तिच्याकडे जातो.

गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये हे देऊळ बांधलं, ते थेट कृष्णेच्या घाटावर. रास्ते म्हणजे पेशवीण गोपिकाबाईंचं माहेर, मोठं घराणं. पण कृष्णेपुढे घराण्याचं काय चालणार! महाबळेश्वराच्या डोंगरातून उतरलेली ही नदी पावसाळ्यात गढूळ होऊन, ओंडके आणि झुडपं घेऊन येते. बांधणाऱ्याने तिला अडवायचं मनातही आणलं नाही. भिंत आडवी न घालता तिला येणाऱ्या प्रवाहाकडे माशाच्या तोंडासारखं टोक काढलं. सपाट भिंतीवर पाणी आपटलं असतं आणि सगळा मार तिनेच खाल्ला असता. इथे लोंढा टोकाशी येतो, दुभंगतो आणि दोन्ही कुशींवरून पुढे निघून जातो. पुलाच्या खांबांना टोक काढतात, त्यामागेही हेच गणित असतं.

स्वभावाने ही भिंत भांडखोर नाही आणि भित्रीही नाही. पाण्याला ती वाट देते, पण स्वतःची जागा सोडत नाही. हार-नारळ पुढच्या दाराने येतात, पूर मागून येतो. मोठ्या कुटुंबात पाहुण्यांसमोर न येता सगळं घर सांभाळणारी एखादी आत्या असते ना, तशी ती मला वाटते.

वाईत बघायला पुष्कळ आहे. शेजारीच काशीविश्वेश्वराचा तुळतुळीत नंदी आहे, जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं. ते सगळं जरूर पाहा, पण ही भिंत चुकवू नका.

नदीच्या वरच्या अंगाला धोमचं धरण झालं, तरी विसर्ग वाढला की घाटाच्या पायऱ्या आजही बुडतात आणि भिंत कामाला लागते. पाणी उतरल्यावर, हिवाळ्यात, पोरांना घेऊन या. त्यांना त्या टोकाशी उभं करा आणि विचारा, पाणी कुठून येत असेल आणि कुठे जात असेल. उत्तर त्यांचं त्यांना शोधू द्या.