उंदरांचं स्थळ

आपल्याकडे उंदराला गणपतीच्या पायाशी जागा आहे, घरात नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुणं ओस पडलं. घरात उंदीर मरून पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि माळावरच्या झोपडीत जाऊन राहायचं; वाडवडिलांची ही आठवण आजी आम्हाला कालची गोष्ट असावी तशी सांगायची. अशा घरातली मी इंग्लंडात राहायला आले आणि लेकीच्या हट्टापायी उंदीर मिळावेत म्हणून ते वाढवून देणाऱ्या एका बाईंच्या यादीत नाव लावून बसले.

इथे हा नाद जुना. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा एक उंदीर पकडणारा होता. वेगळ्या रंगाचा उंदीर सापडला की तो त्याला मारत नसे, वाढवत असे आणि पिल्लं हौशी तरुणींना विकत असे. पुढे मेरी डग्लस या बाईंनी गळ घातली, तेव्हा १९०१ साली एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना पहिल्यांदा जागा मिळाली. बिआट्रिक्स पॉटरनं तर १९०८चं आपलं एक पुस्तक सॅमी नावाच्या पाळीव उंदरालाच अर्पण केलं. या हौशी लोकांची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे.

आमच्या यादीवाल्या बाईंकडे जाताना वाटलं होतं, प्रश्न आपण विचारायचे. झालं उलटंच. मुलीकडची मंडळी स्थळाची चौकशी करतात तशी आमची चौकशी सुरू झाली. घरात मांजर आहे का? पिंजऱ्याच्या गजांमधलं अंतर किती? खाली काय अंथरणार? पाइनचा भुसा नको, त्याच्या वासानं यांचा श्वास बिघडतो. उंदीर तपासणारा डॉक्टर जवळ आहे का, आणि त्याचं बिल झेपेल का? मी ‘एकच द्या’ म्हटलं, तर बाईंनी सरळ नकार दिला. उंदीर कळपातला प्राणी. एकटा ठेवला तर झुरतो. दोन भाऊ न्या, नाहीतर दोन बहिणी. नर आणि मादी त्या पाचव्या आठवड्यातच वेगळे करतात, कारण तेवढ्या वयात त्यांना पिल्लं होऊ शकतात. आणि सहा आठवडे झाल्याशिवाय कुठलंच पिल्लू त्यांच्या घराबाहेर पडत नाही.

मग त्यांनी वही काढली. प्रत्येक पिल्लाचे आईबाप, आजेआजोबा, कोण किती जगलं, कशानं गेलं, सगळं त्यात होतं. पाळीव उंदराचं आयुष्य दोन, फार तर तीन वर्षांचं. फुफ्फुसं बिघडवणारा मायकोप्लाझ्मा जवळजवळ प्रत्येकात दडून असतो, माद्यांना स्तनांच्या गाठी होतात. त्यामुळे रंगाला भुलून जोडी लावायची नाही. ज्या घराण्यात म्हातारपणीही श्वास मोकळा राहिला, त्याच घराण्याची पिल्लं वाढवायची. म्हणून पिल्लू दुसऱ्याच्या घरी गेलं तरी वहीतलं त्याचं पान उघडंच राहतं. ते गेलं की पाळणाऱ्यानं कळवायचं, आणि बाईंनी वय आणि कारण लिहून पान मिटायचं. शिवाय एक अट: काहीही झालं, सांभाळणं जमेना, तर उंदीर इतर कुणाला न देता त्यांच्याकडेच परत आणायचा.

आमच्याकडचे दोघे भाऊ खुशीत आले की दातावर दात घासतात, तेव्हा डोळे गमतीदार थरथरतात. गुदगुल्या केल्या की उंदीर आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या स्वरात चिवचिवतात. याक पांकसेप या शास्त्रज्ञानं त्याला हसणंच म्हटलं. एकाच्या डोळ्याखाली लाल पाणी दिसलं तेव्हा मी हबकले नाही. ते रक्त नसतं, पण उंदराला ताण आल्याची किंवा आजाराची खूण असू शकते, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. आणि माणसाच्या हाताला ते भीत नाहीत, याचं श्रेय आमचं नाही. डोळे उघडायच्या आधीपासून बाईंनी त्यांना रोज तळहातावर घेतलं होतं.

एवढ्याशा आयुष्याला एवढा सोपस्कार कशाला, असं आधी वाटायचं. आता वाटतं, आयुष्य एवढंसं आहे म्हणूनच त्याची सुरुवात कुणाच्या हातून होते याला मोल आहे. तेव्हा उंदीर आणायचं तुमच्या मनात असेल, तर आधी ब्रीडर पारखा. जो काही न विचारता पिल्लू हातावर ठेवतो आणि पैसे मोजून घेतो, त्याच्या दारातून रिकाम्या हातानं परत या.