माशीचा जबाब

आयव्हरी कोस्टमधल्या ताइच्या जंगलात मेलेलं जनावर सहसा कुणाला दिसतच नाही. पश्चिम आफ्रिकेत मूळ रूपात उरलेलं हे सर्वांत मोठं वर्षावन, तीन हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. डायकर नावाचं बुटकं, लाजरं हरिण तिथे झुडपाआड कोसळतं आणि थोड्याच दिवसांत त्याच्या जागी फक्त ओला पाचोळा असतो. पानांच्या छतामुळे गिधाडालाही वरून काही कळत नाही. ना दहन, ना दफन, ना कुणी विचारणारं.

वास लागलेली निळी-हिरवी माशी तेवढी काही मिनिटांत हजर होते. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांच्या कडा, जिथे कातड्याची आडकाठी नाही तिथे ती तांदळाच्या कण्यांसारखी अंडी घालते. उष्ण हवेत दिवसभरात अळ्या निघतात, दोनदा कात टाकतात, पोटभर खाऊन माती गाठतात आणि कोशात जातात. अळीचं वय आणि हवेचं तापमान यांचा हिशेब घातला की मृत्यू निदान किती दिवसांपूर्वीचा, ते सांगता येतं. माणसाच्या खुनात ही साक्ष कोर्टात चालते. चीनमध्ये सुंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली लिहिलेल्या ग्रंथात विळ्यावर घोंगावणाऱ्या माश्यांनी खुनी दाखवून दिल्याची हकीकत आहे.

डायकरसाठी कोर्ट नाही. पण २००१-०२ मध्ये ताइतले चिंपांझी एकाएकी मरू लागले. १९७९ पासून संशोधक त्यांच्या मागे रानोमाळ हिंडत होते, एकेकाला नावाने ओळखत होते, म्हणून ही प्रेतं सापडली. तपासात निघाली काळपुळी. आपल्याकडच्या गुराख्यांनाही जिची धास्ती असते त्या अँथ्रॅक्सचंच एक जंगली भावंड. मग ज्यांच्या मागे कुणीच हिंडत नव्हतं, त्यांचं काय? ती माकडं, ती साळिंदरं, ते डायकर कशाने जात होते?

हे विचारायला माशीशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिने जे चाखलं त्याचा डीएनए तिच्या पोटात काही काळ टिकतो. ताइ आणि मादागास्करमधलं किरिंदी इथल्या ११५ माश्या तपासल्या, तेव्हा सुमारे ४० टक्के माश्यांत सस्तन प्राण्यांचा डीएनए मिळाला. ताइतल्या नऊ वानरजातींपैकी सहा त्या पोटांत होत्या. हा अभ्यास २०१३ चा. पुढे २०१७ साली जवळजवळ तीन दशकांतले नमुने एकत्र मांडले गेले. जंगलभरातून धरलेल्या माश्यांपैकी सुमारे पाच टक्क्यांत काळपुळीचा जंतू होता आणि तपासलेल्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मृत्यू त्याच्याच खाती जमा झाले. साथ येऊन गेली नव्हती. ती तिथेच राहत होती. हे असंच चाललं तर दीडशे वर्षांत ताइत चिंपांझी उरणार नाहीत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

साक्षीदार मात्र धुतल्या तांदळासारखा नाही. दक्षिण आफ्रिकेत क्रुगरच्या रानात काळपुळीने मेलेल्या जनावरावरून उठलेल्या माश्या आसपासच्या पानांवर बसतात, खाल्लेलं ओकतात आणि तो पाला चरणारे कुडू आजारी पडतात. खबर देणारी आणि जंतू वाहणारी एकच.

गिनीतल्या बोसूची जिरे ही चिंपांझी मादी १९९२ मध्ये आपलं मेलेलं पिल्लू कित्येक दिवस पाठीवर वागवत होती. पिल्लू वाळून चामड्यासारखं झालं, तरी ती त्याचे केस विंचरायची आणि भोवती घोंगावणाऱ्या माश्या हाकलायची. माशीला विज्ञानाने कितीही मान दिला तरी मी जिरेच्या बाजूचा आहे. माशीच्या पोटातला जबाब जात सांगतो. तो प्राणी कोण होता, कुणाचा होता, हे नाही सांगत. शिवाय हा जबाब घेण्यासाठी माशी मारावी लागते, हेही आलंच. तिच्यासाठी कोण हळहळणार!

२०१३ च्या त्या अभ्यासात माश्यांच्या पोटांत सापडलेल्या प्राण्यांच्या यादीत जेंटिंक डायकर होता. काळं डोकं, काळी मान, खांद्यावर पांढरा पट्टा आणि मागे राखाडी अंग. नामशेष होण्याच्या वाटेवरचा, माणसाच्या नजरेला क्वचितच पडणारा. यादीत त्याचं नाव वाचून मी आधी त्याला मनातल्या मनात मातीच दिली. मग आठवलं, माशी विष्ठेवरही बसते, जिवंत जनावराच्या जखमेवरही बसते. तेव्हा तो मेलाच असेल असं नाही. कदाचित त्या माशीने त्याला सकाळीच गाठलं असेल आणि शेपटीच्या एका फटक्यासरशी तो कोवळ्या पाल्याकडे वळला असेल.