बटण बंद, वायर जिवंत

आमच्या सदाशिव पेठेतल्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन जळाला. तपकीर गल्लीतून नवा नऊ इंची आणला. मेन पाडण्याआधी जुन्या फॅनच्या जोडणीला टेस्टर लावला, तर बटण बंद असूनही दिवा लागला! कुणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलं होतं. पाती थांबायची, पण २३० व्होल्ट तिथेच. आणि आई दर दिवाळीला नुसतं बटण बंद करून, ओल्या फडक्याने हाच फॅन पुसायची!

मेन पाडून फेज बटणातून नेली, न्यूट्रल थेट फॅनला, हिरवी वायर अर्थिंगला. मेन चालू करून तपासलं : बटण बंद, दिवाही बंद.

ओरलला 'स्विच नेहमी फेजमध्ये' म्हणून आपण मोकळे होतो. मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की एकदा टेस्टर लावून बघाच.