चौसष्ट बाइटांचा सातबारा

डिस्क गेली म्हणून कोणी अलिबागच्या माझ्या दुकानात आलं की मी आधी एकच विचारतो: गेल्यावर तुम्ही काय काय केलंत? उत्तर जितकं लांब, तितकं माझं काम अवघड.

जून २०२० मधली गोष्ट. निसर्ग वादळ ३ तारखेला आपल्याच किनाऱ्यावर आदळलं होतं, गावोगाव माड-पोफळी आडव्या झाल्या होत्या. नागावचा एक मुलगा लॅपटॉप छातीशी धरून आला. लॉकडाऊनमुळे कॉलेज सोडून घरी होता. मशीनवर विंडोज आणि उबुंटू, दोन्ही. ‘‘काका, काही केलं नाही. फक्त एक रिकामं पार्टिशन डिलीट केलं.’’ लॅपटॉप चालू केला, तर काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच.

ते रिकामं नव्हतंच. विंडोजला लिनक्सची एक्स्ट४ फाइलसिस्टिम वाचता येत नाही. ना ड्राइव्हचं अक्षर, ना फाइलसिस्टिमचं नाव, नुसता निळ्या पट्टीखालचा चौकोन दाखवते. परक्याच्या घराला पडीक जागा म्हणावं तसं. त्या चौकोनात वडिलांच्या वाडीतल्या पडलेल्या पोफळींचे फोटो होते, पंचनाम्यासाठी काढलेले. वडील बाहेर बाकावर बसून होते. वाट मोकळी करायला झाडं तोडून झाली होती, म्हणजे फोटो पुन्हा काढायची सोय नव्हती.

मी त्यांना सातबाऱ्यावरून समजावलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ मशीन सुरू करणाऱ्या कोडचे, शेवटचे २ खुणेचे आणि मधले ६४ म्हणजे पार्टिशन टेबल, जमिनीचा उताराच: चार नोंदी, प्रत्येकी १६ बाइट. कुठला तुकडा कुठून सुरू होतो आणि केवढा आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. पोराने सोळा बाइट पुसले होते. वाडी जागेवर होती, नाव तेवढं उताऱ्यावरून उडालं होतं. ‘‘मग तलाठ्याकडे जायला नको ना?’’ वडिलांनी विचारलं. त्या दिवसांत तलाठ्याला गाठणं माझ्या कामापेक्षा अवघड होतं.

पहिलं काम नक्कल. ५०० जीबीची डिस्क बाहेर काढली, डीडीरेस्क्यू लावून दुसऱ्या डिस्कवर सेक्टरन् सेक्टर उतरवायला घेतली. जुन्या यूएसबीवरून पाच तास तरी लागतात. गिऱ्हाईक इथेच कंटाळतं. मीही कंटाळायचो. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका डिस्कवर नक्कल न घेताच नवं टेबल लिहिलं, ते चुकलं, आणि दुरुस्त करायच्या घाईत मीच वरून डेटा लिहून बसलो. त्या माणसाच्या घरावरून जाताना अजून मान खाली जाते.

तेव्हापासून मला आपल्या गावच्या चुंबकीय वेधशाळेतले जुने लोक जवळचे वाटतात. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतली मापनं बिघडणार, म्हणून नानाभॉय मूस यांनी काम अलिबागला हलवलं. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन्ही जुळवून पाहिल्या आणि मगच जुनी जागा सोडली. दोन वर्षं! आणि आमचं गिऱ्हाईक पाच तासांत चार वेळा घड्याळ बघतं.

नक्कल झाल्यावर तिच्यावर टेस्टडिस्क चालवलं. क्रिस्तोफ ग्रनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेलं हे साधन फुकट आहे. ते उताऱ्यावर विसंबत नाही, थेट शेतात उतरून बांध शोधतं. एक्स्ट४ आपल्या सुपरब्लॉकच्या नकला डिस्कभर पेरून ठेवते, त्यामुळे हद्द सापडते. गंमत अशी की जुन्या, मोडलेल्या पार्टिशनांची भुतंही सापडतात. या डिस्कवर एकाच जागेचे दोन दावेदार निघाले. अशा वेळी मी ‘पी’ दाबून आतल्या फाइली उघडतात का ते बघतो. एकात कचरा दिसला, दुसऱ्यात ‘वादळ’ नावाचा फोल्डर.

टेबल लिहिलं, तरी मशीन सुरू करून देणारं ग्रब तसंच अडून! लिनक्स मागाहून टाकलेलं, सी ड्राइव्ह आक्रसून केलेल्या जागेत. जागेने तिसरं, पण नोंदीत चौथं. टेस्टडिस्कने जागेच्या क्रमाने नंबर दिले आणि ग्रब आपलं चौथ्याच दारावर थापा मारत होतं. रेस्क्यूच्या ओळीवर प्रीफिक्स तिसऱ्या पार्टिशनकडे वळवला, ‘इन्समॉड नॉर्मल’, मग ‘नॉर्मल’. मेनू आला. आत शिरून ग्रब पुन्हा बसवलं. फाइलसिस्टिमची ओळख सुपरब्लॉकमध्येच असल्याने बाकी कुठे हात लावावा लागला नाही.

फोटो वडिलांनी तिथेच, बाकावर बसून, एकेक करून पाहिले. शेवटच्या फोटोवर म्हणाले, ‘‘ही आजोबांनी लावलेली.’’ पैसे मी घेतले. नक्कल ठेवलेली डिस्कही त्यांनाच विकली.

हे सगळं फिरत्या तबकडीच्या डिस्कचं. आता लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यावर ‘फॉरमॅट’ म्हटलं की विंडोज ट्रिमचा हुकूम सोडते, आणि त्या जागेतलं जुनं चिप स्वतःहून साफ करून टाकते. तिथे उतारा नव्याने लिहून काही होत नाही, कारण जमीनच उरत नाही. तेव्हा पार्टिशन दिसेनासं झालं आणि विंडोजने ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं, तर ‘नाही’ म्हणा, मशीन बंद करा आणि तसंच घेऊन या.